ताम्हिणीचं पाणी जातं कुठं? : रेवदंडा-कोर्लईची एक क्षेत्रभेट



डिसेंबर-जानेवारी आला की प्रत्येक शाळेत सहलीचा विषय निघतो. बस ठरते, पैसे गोळा होतात, मुलं दोन रात्री झोपत नाहीत. परत आल्यावर मात्र 'माझी सहल' या निबंधात सगळ्यांचं एकच लिहिलेलं असतं : आम्ही समुद्र पाहिला, खूप मजा केली, संध्याकाळी घरी आलो. मजा तर हवीच. पण एवढा खर्च आणि एवढी धावपळ करून मुलांच्या हाती त्यापेक्षा जास्त काही लागायला हवं, असं आपल्या सगळ्यांनाच वाटत असतं.

आमच्याकडे, म्हणजे मुळशी तालुक्याच्या अगदी पश्चिम टोकाला ताम्हिणीच्या बाजूला, सहावी-सातवीच्या मुलांसाठी आम्ही सहलीला एक प्रश्न जोडला : आपल्या गावात पडणारं पाणी जातं कुठं? या प्रश्नाचं एक उत्तर थेट रेवदंडा आणि कोर्लई या कोळी वस्तीच्या गावांपर्यंत जातं. त्या पाण्याच्या मागोमाग आम्ही गेलो. हा पाठ कसा घेतला, ते इथे सविस्तर देत आहे. तुमची शाळा दुसरीकडे असेल तर नदी बदला आणि गाव बदला. पद्धत तीच चालेल.

क्षेत्रभेटीची उद्दिष्टे

१. आपलं गाव आणि समुद्रकाठचं गाव एकाच नदीने जोडलेलं आहे, हे मुलांना नकाशावर आणि प्रत्यक्ष पाहता यावं.
२. भरती-ओहोटीचा हिशोब करता यावा.
३. मासेमारी हा धंदा कसा चालतो, त्यात कोणाचे किती कष्ट आहेत, हे मुलांनी स्वतः विचारून समजून घ्यावं.
४. किल्ल्याचे अवशेष पाहून 'इथे कोण होतं, का आलं, काय उरलं' असे प्रश्न पडावेत.
५. आपल्यापेक्षा वेगळं बोलणाऱ्या, वेगळं खाणाऱ्या माणसांशी आदराने वागता यावं.

जाण्याआधीचा पाठ : एकाच डोंगराचं पाणी, दोन समुद्र

सहलीच्या आधी दोन तासिका फक्त नकाशासाठी ठेवाव्यात. भिंतीवरचा महाराष्ट्राचा प्राकृतिक नकाशा आणि एक निळा खडू एवढं पुरतं.

ताम्हिणीचा पाऊस मुलांना वेगळा सांगावा लागत नाही. चांगल्या वर्षी इथे सहा हजार मिलीमीटरच्या वर पाऊस होतो. पुणे शहरात तो सातशे-साडेसातशेच्या आसपास. म्हणजे पुण्याच्या आठपट पाणी आपल्या डोक्यावर पडतं. हे गणित फळ्यावर केलं की मुलंच विचारतात, "मग सर, उन्हाळ्यात आपल्याला पाणी का नसतं?" या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊ नये. तो वहीत लिहून ठेवायला सांगावा.

आता निळा खडू घ्या. सह्याद्रीच्या माथ्यावरून पूर्वेला वाहणारे ओढे मुळशीच्या तलावाला मिळतात. ही मुळा नदी. धरण नसतं तर हे सगळं पाणी पुण्यातून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि पार आंध्रात बंगालच्या उपसागराला गेलं असतं. पश्चिमेच्या कड्यांवरून पडणारं पाणी मात्र कोकणात जातं. प्लस व्हॅलीचं पाणी खाली देवकुंडाच्या धबधब्याला उतरतं आणि तिथून कुंडलिका नदीत जातं. कुंडलिका कोलाड, रोहा करत रेवदंडा आणि कोर्लई यांच्या मधून अरबी समुद्राला मिळते.

इथपर्यंत पुस्तकातला 'जलविभाजक' मुलांना कळतो. पण आपल्याकडची खरी गोष्ट पुढेच आहे. मुळशी धरणात अडवलेलं पूर्वेचं पाणीसुद्धा डोंगरातून बोगदा आणि नळांवाटे पश्चिमेला, सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडलं जातं. १९२७ पासून हे वीजघर चालू आहे. वीज तयार झाल्यावर तेच पाणी कुंडलिकेत जातं. म्हणजे बंगालच्या उपसागराकडे निघालेलं पाणी माणसाने वळवून अरबी समुद्राला दिलं. एका मुलीने दोन्ही बोटं नकाशावर फिरवून बघितली आणि म्हणाली, "पाण्याने पाठ फिरवली की!" याहून चांगली व्याख्या मला सुचली नसती.

याच पाठात मुळशी सत्याग्रहाचा विषय घ्यावाच. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती, त्यासाठी टाटांनी धरण बांधायला घेतलं आणि मावळ्यांची पन्नासच्या आसपास गावं, भाताची खाचरं, देवळं त्याच्या पाण्याखाली जाणार होती. १९२१ साली लोकांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली. लढा १९२४ पर्यंत चालला, धरण मात्र झालं. आमच्या वर्गात काही मुलांच्या पणजोबांचं मूळ गाव तलावाखाली आहे. त्यांना घरी जाऊन आजी-आजोबांना विचारायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोन मुलांनी अशा गावांची नावं आणली, जी आज फक्त उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर दिसणाऱ्या जोत्यांवर शिल्लक आहेत. पाणी जातं कुठं या प्रश्नाला 'पाणी कशावरून जातं' हीसुद्धा एक बाजू आहे, हे तेव्हा वर्गाला समजलं.

सहलीचा दिवस कसा ठरवावा : तिथीची पाऊणपट

समुद्रावर जायचं तर कॅलेंडरमध्ये सुट्टी बघून चालत नाही, तिथी बघावी लागते. कोकणात भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच.

उदाहरणं :

चतुर्थी : ४ × ३/४ = ३, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती.
अष्टमी : ८ × ३/४ = ६, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती.
एकादशी : ११ × ३/४ = ८.२५, म्हणजे सव्वाआठला भरती.

भरतीनंतर साधारण सहा तास बारा मिनिटांनी ओहोटी पूर्ण होते. मग एकादशीला ओहोटी किती वाजता? मुलांनी दोन-अडीच असं उत्तर काढलं. आम्ही तोच दिवस ठरवला. सकाळी आम्ही पोचेपर्यंत भरतीच्या पाण्यावर होड्या बंदराला लागलेल्या असतात आणि दुपारी ओहोटीला किल्ल्याच्या समुद्राकडच्या तटाला लागून वाळूत चालता येतं.

अपूर्णांकाचा गुणाकार शिकवायला यापेक्षा बरं उदाहरण नाही. हुशार मुलांना पुढचा प्रश्न द्यावा : पौर्णिमेला हिशोबाने सव्वाअकरा येतात, पण प्रत्यक्ष भरती बाराच्या आसपास असते, असं का? कारण भरती रोज पाऊण तासापेक्षा थोडी जास्त, सरासरी पन्नास मिनिटं पुढे सरकते. रोजची पाच मिनिटं पंधरा दिवसांत साचतात. तोंडी हिशोबाला सोपं पडावं म्हणून लोकांनी पाऊण धरलं. त्यामुळे हा हिशोब पाठासाठी आणि अंदाजासाठी वापरावा. प्रत्यक्ष पाण्याजवळ जाताना छापील भरतीचं कोष्टक आणि तिथल्या कोळ्यांचा शब्द हेच प्रमाण.

वाटेवरचा पाठ : चार बाटल्या

पहाटे साडेपाचला निघालो. प्रत्येक गटाकडे चार रिकाम्या, धुतलेल्या बाटल्या आणि चिकटपट्टीवर लिहायला पेन. पहिली बाटली गावच्या ओढ्यावर भरली.

घाट उतरून विळ्याकडे जाताना उजव्या हाताला, उत्तरेला, भिऱ्याचं खोरं आहे. तिथे बस थांबवून 'आपलं पाणी आता या डोंगराच्या पोटातून उतरतंय' एवढंच सांगितलं. वीजघर परवानगीशिवाय बघता येत नाही, आणि या पाठाला त्याची गरजही नाही.

पुढे सुतारवाडीमार्गे कोलाड. इथे मुंबई-गोवा महामार्गाच्या पुलाखालून कुंडलिका वाहते. दुसरी बाटली इथे भरली. कोलाडला लोक रबरी होड्यांतून नदीत उतरायला पैसे देऊन येतात, आणि तेही भर उन्हाळ्यात. कारण वरच्या वीजघरातून पाणी सोडलं जातं म्हणून नदीला बारा महिने धार असते. शेतीलाही डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालव्याने पाणी जातं. आता मुलांना वहीतला प्रश्न काढायला सांगा : उन्हाळ्यात आपल्याला पाणी का नसतं? आमच्याकडच्या वाड्यांवर एप्रिल-मे महिन्यात बायका डोक्यावरून हंडे आणतात. त्याच महिन्यांत आपल्या डोंगरावरून आलेलं पाणी इथे खळाळतंय. बसमध्ये बराच वेळ यावर बोलणं चाललं. कोणी म्हणालं हे बरोबर नाही, कोणी म्हणालं वीज तर आपणही वापरतो. शिक्षकाने मध्ये निकाल देऊ नये. पाण्याचा वाटा हा मोठ्या माणसांनाही न सुटलेला प्रश्न आहे, हे मुलांना माहीत असलेलं बरं.

तिसरी बाटली रोह्याच्या खाली. रोह्याजवळ मोठी औद्योगिक वसाहत आहे. नदीत जाणाऱ्या सांडपाण्याबद्दल खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांच्या आणि कोळ्यांच्या तक्रारी अनेक वर्षांच्या आहेत. मुलांनी पाण्याचा रंग, वास आणि काठावर काय दिसतं याची नोंद केली. पाणी कोणीही चाखायचं नाही हा नियम आधीच सांगून ठेवावा, आणि बाटली भरायचं काम शिक्षकानेच करावं.

बंदरावर : नाकाला रुमाल लावायचा नाही

चणेरा-साळाव करत पूल ओलांडला की रेवदंडा. शेजारी थेरोंडा, पलीकडे आग्राव, खाडीच्या दक्षिणेला कोर्लई, ही सगळी मासेमारीची गावं. बस थांबायच्या आधीच मुलांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली : उतरल्यावर वास येईल. कोणी नाकाला रुमाल लावायचा नाही, 'शी' म्हणायचं नाही. शेणाचा वास आपल्याला घरचा वाटतो, तसा हा त्यांच्या घरचा वास आहे. दहा मिनिटांत सवय होते. झालीही. घरी मासे न खाणाऱ्या मुलांनाही हेच सांगितलं. खायचा आग्रह कोणी कोणाला करत नाही, पण माणसाच्या कामाचा मान राखायचा.

फोटो काढायच्या आधी विचारायचं, टोपल्यांना हात लावायचा नाही आणि लिलाव चालू असताना मध्ये उभं राहायचं नाही. एवढं पाळलं तर माणसं आपणहून बोलतात. एका मावशींनी मुलांना विचारलं, "कुठली रे पोरं तुम्ही?" ताम्हिणी म्हटल्यावर त्यांना पटकन लक्षात येईना. मग एका मुलाने सांगितलं, "मावशी, तुमची नदी येते ना, ती आमच्याकडून येते." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग जरा स्वच्छ धाडा की!"

मुलांनी गटागटाने विचारायचे प्रश्न आधी लिहून नेले होते :

होडीवर किती माणसं जातात? परत कधी येतात?
डिझेल, बर्फ, जाळ्याची दुरुस्ती यांचा खर्च कोण करतं? उरलेल्या पैशाची वाटणी कशी होते?
मासळी विकायचं काम कोण करतं? भाव कोण ठरवतं?
वादळाची सूचना कशी मिळते?
लहानपणी जे मासे मिळायचे ते आताही तेवढेच मिळतात का?

शेवटचा प्रश्न वयस्कर माणसाला विचारायला सांगावा. त्याचं उत्तर मुलं विसरत नाहीत.

या किनाऱ्यावर वापरलं जाणारं डोल जाळं मुलांना आकृती काढून समजावण्यासारखं आहे. मोठ्या पिशवीसारखं, तोंडाला रुंद आणि शेपटाकडे निमुळतं जाळं समुद्रात एका जागी बांधून ठेवतात. माशांच्या मागे होडी पळवायची नसते. भरती-ओहोटीच्या पाण्याची ओढच बोंबील, जवळा, मांदेली, कोळंबी जाळ्यात आणते. पाणी उलटं फिरायच्या आत जाळं ओढून घ्यावं लागतं. म्हणून कोळ्याचं घड्याळ चंद्रावर चालतं. आज पहाटे तीनला जाणारा माणूस चार दिवसांनी सकाळी सहाला जातो. वर्गात केलेली तिथीची पाऊणपट इथे कोणाच्या तरी जेवणाची आणि झोपेची वेळ ठरवते, हे मुलांना इथे दिसलं.

वाळत घातलेले बोंबील आणि पसरलेला जवळा बघून मुलं ओरडली, "हे तर आपल्या बाजारातलं सुकट!" पावसाळ्यात आमच्याकडे भाजीपाला मिळत नाही तेव्हा सुकटाची चटणी आणि भाकरी हेच जेवण असतं. आठवडे बाजारातली ती टोपली कुठून निघते, हे आज समजलं. पाणी डोंगरातून खाली जातं आणि सुकट खालून डोंगरात येतं, हे वाक्य एका मुलाच्या वहीतलं आहे.

मासेमारी बंदीचा मुद्दा इथेच घ्यावा. १ जून ते ३१ जुलै या काळात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारीला बंदी असते. समुद्र खवळलेला असतो हे एक कारण, आणि अनेक मासळ्यांचा हा अंडी घालायचा हंगाम असतो हे दुसरं. पुढे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून कोळी बांधव नव्या हंगामाला लागतात. आता आपल्या गावाकडे वळा. पहिल्या पावसात ओढ्याला पाणी आलं की चढणीचे मासे पकडायला आपण सगळे धावतो. ते मासे वर का चढतात? अंडी घालायला. मग समुद्रावर जो नियम आहे तो आपल्या ओढ्यावर कोण करणार? हा प्रश्न मी विचारला तेव्हा बंदरावर पहिल्यांदाच सगळी मुलं गप्प झाली. परत आल्यावर त्यांनी घरी हा विषय काढला. काही घरांत वाद झाला, एका घरात आजोबांनीच नातवाची बाजू घेतली. पाठ वर्गाबाहेर गेला की असं होतं, आणि ते व्हायलाच हवं.

माडांच्या सावलीतला किल्ला

रेवदंड्याचा किल्ला डोंगरावर नाही, गावच किल्ल्यात आहे. अलिबाग-मुरूड रस्ता तटातूनच आरपार जातो. आत नारळी-पोफळीच्या वाड्या, विहिरी, घरं आणि त्यांच्यामध्ये पोर्तुगीजांच्या इमारतींचे अवशेष. तिकीट काढून आत जायची ही बाग नव्हे. लोक इथे राहतात आणि कसतात. म्हणून खाजगी वाडीत विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. पण सावली, पाखरं आणि जुनी भिंत यांचा असा मेळ एखाद्या मोठ्या उद्यानातही क्वचित मिळतो. मुलांनी डबे इथेच सोडले.

इतिहास सांगताना तारखांची यादी देऊ नये. मी तीनच गोष्टी सांगितल्या.

पहिली, घोड्याची. शेजारचं चौल हे फार जुनं बंदर. अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास इथे उतरला. सोबत विकायला एक घोडा होता. चौलहून तो पाली करत घाट चढून जुन्नरला गेला, म्हणजे आपल्याच पुणे जिल्ह्यात, आणि पावसाळा त्याने तिथे काढला. तिथल्या सुभेदाराने त्याचा घोडा काढून घेतला होता, हे त्यानेच लिहून ठेवलंय. रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे. बंदरावर उतरलेला माल आणि माणूस घाट चढून देशावर कसा येत होता, हे या एका माणसाच्या वाटेवरून समजतं. आपल्या आसपासच्या घाटवाटाही अशाच कामाच्या होत्या.

दुसरी, तोफांची. १५०८ साली याच नदीच्या मुखाशी पोर्तुगीज आणि इजिप्त-गुजरातचं आरमार यांची लढाई झाली आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो दि आल्मेदा तिच्यात मारला गेला. पुढे निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी इथे कोट बांधला. मिऱ्यांचा, घोड्यांचा, कापडाचा व्यापार आपल्या हातात हवा, हे त्यामागचं कारण. सातखणी म्हणून ओळखला जाणारा मनोरा आजही माडांच्या वर डोकं काढून उभा आहे. वरचे खण पडलेत, पायथ्याशी तोफा आहेत. मुलांना सावलीच्या लांबीवरून मनोऱ्याची उंची काढायला लावावी : एका मुलाची उंची आणि त्याची सावली मोजा, मग मनोऱ्याची सावली मोजा, गुणोत्तर मांडा.

तिसरी, शेवटाची. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजांनी चौलला वेढा दिला, पण कोट पडला नाही. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, आणि १७४० मध्ये तहाने रेवदंडा-चौलचा भाग मराठ्यांकडे आला. पोर्तुगीज गेले. मग त्यांचं काय उरलं? हा प्रश्न विचारून आम्ही कोर्लईला निघालो.

त्याआधी दुपारच्या ओहोटीला किल्ल्याच्या पश्चिम तटाला लागून वाळूत एक फेरी मारली आणि खाडीच्या तोंडाशी चौथी बाटली भरली.

कोर्लई : उरलेली भाषा

कोर्लईची टेकडी जिभेसारखी समुद्रात गेलेली आहे. तिच्यावर लांबट किल्ला, पायथ्याला दीपगृह. वर उभं राहिलं की एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कुंडलिकेची खाडी. सकाळपासून जिच्या सोबतीने आलो ती नदी इथे संपते. वेळ कमी असेल तर वर चढायचा आग्रह धरू नये, दीपगृहाच्या बाजूनेही मुख दिसतं.

पण कोर्लईची सगळ्यात मोठी वस्तू किल्ल्यात नाही, गावातल्या घरांत आहे. इथल्या ख्रिस्ती वस्तीत घरोघरी एक वेगळी भाषा बोलतात. तिचा पाया पोर्तुगीज, ठेवण बरीचशी मराठीसारखी. बोलणारे लोक तिला 'नो लिंग', म्हणजे 'आमची भाषा' म्हणतात. बोलणारी माणसं हजाराच्या आसपास. पोर्तुगीज राज्य जाऊन पावणेतीनशे वर्षांहून जास्त काळ झाला, शाळा मराठी, बाजार मराठी, तरी आईने मुलाला ही भाषा दिली आणि ती राहिली. जगभरचे भाषा-अभ्यासक तिचा अभ्यास करायला या छोट्या गावात येऊन गेलेत.

मुलांना वाटलं की हे काहीतरी परकं आहे. तेव्हा फळा नव्हता म्हणून वाळूत शब्द लिहिले : बटाटा, पाव, पगार, चावी, घमेलं, काजू, अननस, पपई, कोबी, हापूस, नाताळ. हे सगळे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आले. मुलं चक्रावली. "घमेलंसुद्धा?" हो, घमेलंसुद्धा.

यानंतर जे झालं ते कोणत्याही पाठटाचणात लिहिलेलं नव्हतं. आमच्या वर्गात कातकरी वाडीवरची काही मुलं आहेत. घरी ती आपली भाषा बोलतात, शाळेत गप्प बसतात. त्यांतल्या एकाने हळूच विचारलं, "सर, हजार माणसं बोलतात तरी ती भाषाच असते?" म्हटलं, असते ना. मग तो म्हणाला, "आमची तर जास्त माणसं बोलतात." बसमध्ये परतताना त्याने वर्गाला आपल्या भाषेतले पक्ष्यांचे आणि माशांचे शब्द सांगितले. बाकीच्या मुलांनी ते वहीत लिहून घेतले. वर्षभर तोंड न उघडणारं मूल त्या दिवशी शिक्षक झालं. माझ्या मते सहलीचा सगळा खर्च इथे वसूल झाला.

पालकांसाठी चार गोष्टी

१. पाण्यात उतरायचं नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत कोर्लईच्या पुढे मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले दहाहून अधिक विद्यार्थी बुडाले. शांत दिसणारा समुद्र ओहोटीला आत ओढतो. आमच्याकडे नियम सोपा होता : घोट्याच्या वर पाणी नाही, दहा मुलांमागे एक मोठं माणूस, दर अर्ध्या तासाने हजेरी. मुलं रुसली तरी चालतील.

२. खर्च. एसटीची शाळेच्या सहलीसाठीची सवलत जरूर मागावी. जेवण घरचं, तिकिटाची करमणूक नाही, मुक्काम नाही. पैसे नाहीत म्हणून एकही मूल मागे राहिलं तर सहल काढू नये.

३. ऋतू. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात घाटात दरडी कोसळतात, धुक्यात रस्ता दिसत नाही.

४. घरी विचारणा. मूल आल्यावर 'काय खाल्लं, मजा आली का' यासोबत 'कोणाशी बोललास, त्यांनी काय सांगितलं' हेही विचारा. मुलाला सांगायचं भरपूर असतं, विचारणारं कोणी लागतं.

परत आल्यावरचे उपक्रम

विज्ञान : चारही बाटल्यांतलं प्रत्येकी १०० मिलिलिटर पाणी पसरट ताटलीत उन्हात ठेवा. पाणी उडून गेल्यावर काय उरतं ते पाहा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये साडेतीन. खाडीच्या बाटलीत यापेक्षा कमी का भरतील? कारण तिच्यात आपलं गोडं पाणी मिसळलेलं आहे.

भूगोल : ताम्हिणी ते कोर्लई असा नदीचा पट्टीनकाशा काढा. वाटेत पाणी कोण कोण वापरतं त्याची चित्रं जागेवर चिकटवा : वीज, शेती, कारखाने, होड्या, मासे.

गणित : पुढच्या महिन्याच्या सगळ्या तिथींचं भरतीचं कोष्टक बनवा.

भाषा : निबंधाऐवजी पत्र. 'प्रिय मावशी, तुम्ही म्हणालात पाणी स्वच्छ धाडा. आमच्या गावात आम्ही यासाठी काय करू शकतो...' अशी सुरुवात द्या. पुढचं मुलांना लिहू द्या.

इतिहास : तलावाखाली गेलेल्या गावांची नावं आजी-आजोबांकडून मिळवा आणि वर्गाच्या भिंतीवर लावा.

मूल्यमापनासाठी प्रश्न

१. मुळशी तलावाचं पाणी पूर्वेऐवजी पश्चिमेला कसं जातं?
२. आज दशमी असेल तर भरती आणि ओहोटी कधी?
३. डोल जाळ्यात मासे कशामुळे येतात?
४. चढणीचे मासे आणि पावसाळ्यातली मासेमारी बंदी यांचा संबंध सांगा.
५. एखादी भाषा टिकते ती कशामुळे? तुमच्या घरचं उदाहरण द्या.

पाचव्या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नाही, म्हणून त्याला गुण देऊ नका. उत्तरं मात्र सगळ्या वर्गाला वाचून दाखवा. तुम्ही तुमच्या नदीच्या मागोमाग कुठे जाऊन पोचलात, तेही जरूर कळवा.